दगडाचा राजा आणि राजकन्येचे खुराडे

एका राज्यात सगळेच ताठ मानेने चालत. राज्याचे नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितले तर तुम्ही चौकशीला जाल आणि मला खोटे पाडाल. राजा ताठ, प्रजा ताठ, तिथले गवतसुद्धा वारा आला की आधी विचार करी आणि मग वाके.

राजाचे नाव वज्रसेन. त्याला सगळ्यात मोठा अभिमान होता तो आपल्या वाड्याच्या दारांचा. एकाही दाराला बाहेरून कडी नव्हती. कड्या सगळ्या आतून. "बाहेरून कडी कैद्याला," राजा म्हणे. "माझ्या छपराखाली जो आहे तो आपल्या मर्जीने आहे." हे ऐकून परदेशचे वकील माना डोलावत आणि घरी जाऊन आपापल्या राजांना टोमणे मारत.

एके दिवशी धूम्रकेश नावाचा जादूगार दारी आला. त्याच्या खांद्यावर तांबडा कोंबडा होता.

"राजा, मी तीर्थाला निघालो आहे. परत येईतो याला सांभाळशील?"

"सांभाळला!" राजा म्हणाला, आणि सांभाळला म्हणजे काय याचा पुढे विचार केला नाही. कोंबड्याला वाड्याच्या चौकात सोडले. वर मोकळे आभाळ, खाली संगमरवर. जादूगार परत आला तेव्हा चौकात थोडी तांबडी पिसे उरली होती.

धूम्रकेश ओरडला नाही. ओरडला असता तर बरे झाले असते. त्याने पिसे वेचली आणि हळू म्हणाला, "राजा, तुझ्या शब्दाला छप्पर नव्हते. आजपासून तू पायांकडून दगड होत जाशील. या वाड्यात फुटलेल्या अंड्यातला कोंबडा तुझ्या खांद्यावर बसून आरवला, तर सुटशील. दगड ओठांवर चढून गेला, तर मग हजार कोंबडे आरवले तरी उपयोग नाही. पिले राजघराण्याच्या हातांनीच वाढली पाहिजेत. आणि माझे तीन चाकर त्यांच्या मागावर असतील. गारठा, घार आणि मुंगूस."

एवढे बोलून तो धूर झाला आणि खिडकीतून गेला. राजाने सिंहासनावरून उठू पाहिले. घोट्यापर्यंत पाय दगडाचे झाले होते.

राजघराण्यात राजाखेरीज एकच माणूस होते, त्याची लेक कुंदावती. तिला घोड्यावर बसता येई, तलवार चालवता येई, सात भाषांत नाही म्हणता येई. पण हातात धरल्यावर वळवळेल असे तिने काही कधी धरले नव्हते.

"बाबामहाराज," ती म्हणाली, "तुम्ही बसा."

"दुसरे करू तरी काय, लेकी?" राजा म्हणाला.

राजाच्या गोठ्यात एक करडी कोंबडी राहत असे. मान अशी उंच करून चाले की लोक तिला मानकरीण म्हणत. त्या राज्यात पक्षी बोलत. फक्त त्यांना कुणी विचारत नसे. कुंदावतीने विचारले.

"मानकरीणबाई, अंडी उबवाल का?"

"उबवीन. कालच खुडूक झालेय, अंग नुसतं तापलंय. पण अंडी विषम मांडायची, सम नाही. आणि मला कुणी शुक शुक करायचं नाही."

"आणखी काही?"

"आणखी म्हणजे, सांगेन ते ऐकायचं. तू राजकन्या आहेस हे मला ठाऊक आहे. मी कोंबडी आहे हे तुला ठाऊक असू दे."

अशी दोघींची जोडी जमली. दोघीही अशा ताठ, की एकीला वाट द्यायला दुसरी कधी बाजूला झाली नाही. दाराच्या चौकटीत दोघी एकदम शिरत आणि अडकत.

अंडी मांडली. मानकरीण बसली ती बसली. दाणापाण्याला उठे तेवढीच. एका सकाळी अंड्यांना बारीक भोके पडली, आत चिवचिव झाली, आणि ओली, केविलवाणी पिले बाहेर आली. वाळल्यावर मात्र अशी गोंडस दिसू लागली, की प्रधान गुणशेखर, जो लढाईतही हसला नव्हता, तो हसला.

कुंदावतीने पिलांना महालात आणले आणि आरशासारख्या फरशीवर रेशमी रुजामा अंथरला. त्याच संध्याकाळी पहिला चाकर आला. गारठा. त्याला हाड नव्हते, रंग नव्हता. दाराखालून शिरला, रुजाम्यावर लोळला, आणि रेशीम ओलसर करून गेला. पिले एकावर एक चढली. काहींचे पाय फरशीवर घसरून दोन्हीकडे फाकले.

"रेशमावर राजे निजतात," मानकरीण कडाडली. "पिलांना तूस लागतं, भाताचं तूस! कोरडं, खरखरीत, पाय रुतेल असं. आणि ही नक्षीची जाळी जमिनीलगत कुणी केली? वारा काय पाहुणा आहे, की त्याला खाली पाट मांडला?"

कुंदावतीचे कान लाल झाले. पण तिने पदर खोचला. गिरणीतून तूस स्वतः वाहून आणले आणि बोटभर जाड पसरले. ज्यांचे पाय फाकले होते त्यांच्या पायांना मऊ दोऱ्याची सैल गाठ मारून पाय सरळ धरले. खालच्या जाळ्या लिंपून टाकल्या आणि भिंतीच्या माथ्याशी झरोके पाडले, म्हणजे वारा डोक्यावरून जाईल, अंगावरून नाही. मडक्यात निखारे घालून मडके कोपऱ्यात ठेवले.

"ऊब नेमकी झाली हे कळणार कसं?" तिने विचारले.

"पिलांना विचार. मडक्याला चिकटली तर थंडी, भिंतीला पळाली तर उकाडा. सगळीकडे पसरून निजली, तर तूही जाऊन नीज."

गारठा पुन्हा आला. झरोक्यातून शिरला, झरोक्यातून निघाला. जाताना म्हणाला, "इथं टेकायला जागाच नाही!" आणि डोंगरावर जाऊन खोकत बसला.

राजाचे गुडघे दगडाचे झाले होते.

पिलांना पंख फुटले आणि त्यांना ऊन हवेसे झाले. कुंदावती त्यांना अंगणात सोडी. बसक्या ताटलीत पाणी ठेवी, आणि कुणी पिलू त्यात बुडू नये म्हणून पाण्यात खडे घाली. ओले शेण घातलेले मडके जमिनीवर पालथे घाली. दुसऱ्या दिवशी उचलले की खाली वाळवी जमलेली असे. पिले त्या वाळवीवर अशी तुटून पडत, की राजा खिडकीतून म्हणाला, "माझ्या सैन्यात एवढा हुरूप कधी दिसला नाही."

"तुमच्या सैन्याला तुम्ही वाळवी कधी वाढलीत?" कुंदावती म्हणाली.

एका दुपारी अंगणावर सावली पडली. दुसरी चाकर, घार. झाडाएवढे पंख, डोळे पितळेचे. पहिल्याच झेपेत तिने दोन पिले उचलली.

प्रधानाने धनुर्धारी बोलावले. त्यांनी आभाळभर बाण सोडले. घार बाण चुकवी आणि वर शाबासकी देई. शेवटी मानकरीण म्हणाली, "अगं पोरी, घारीला मारायचं नाही. तिला उतरायला जागा ठेवायची नाही."

कुंदावतीने शिकारखान्यातली जाळी काढली. वेळू रोवले आणि त्यांच्या माथ्यावरून सगळ्या अंगणावर जाळे ताणले. हातांना फोड आले. ते ती दरबारात सगळ्यांना दिसतील असे धरून बसे.

घार घिरट्या घालत म्हणाली, "राजकन्ये, आभाळाला कुणी जाळं घालतं का?"

"आभाळ तुला मोकळं आहे," कुंदावती म्हणाली. "अंगण माझं आहे."

घारीने झेप घेतली, जाळ्यावर आदळली, तिची नखे अडकली. कशीबशी सुटली आणि शेपटाची पिसे मागे टाकून गेली. कुंदावतीने त्यांतले एक आपल्या मुकुटात खोवले. आता तुम्ही म्हणाल, गर्व झाला. झालाच होता! जिने कमावले तिने मिरवले, त्यात आपल्या बापाचे काय गेले?

पण तिच्या बापाचे मात्र जात होते. दगड कमरेवर आला होता.

पिले मोठी झाली. नरांच्या डोक्यांवर तांबडे तुरे दिसू लागले. कुंदावतीने त्यांच्यासाठी खुराडे बांधले. असे खुराडे त्या राज्यात पूर्वी झाले नव्हते. जमिनीपासून उंच. पायाखाली दगड पुरलेले, म्हणजे कुणी उकरून शिरू नये. बसायला आडव्या काठ्या, अंडी घालायला गवताच्या टोपल्या. सागवानी दार, त्याच्यावर मोर कोरलेले. सुताराने विचारले, "ताईसाहेब, कडी?"

"आतून," कुंदावती म्हणाली. "माझ्या घरचं कुणी कैदी नाही."

प्रधानाने मान डोलावली. सुताराने मान डोलावली. चांगली पितळी कडी, दाराच्या आतल्या अंगाला, ठोकून बसवली. त्या राज्यातल्या एकाही शहाण्याला त्यात काही वावगे दिसले नाही. अभिमान असा असतो बघा. डोळ्यांदेखत दार उघडे ठेवतो, आणि आपण त्यावरच्या मोरांचे कौतुक करतो.

त्याच दिवशी सूर्य कलताना कुंदावती बापाला भरवायला गेली. राजाचे हात आता उचलत नव्हते. दगड छातीवर होता. इकडे तिसरा चाकर आला. मुंगूस. तांबड्या डोळ्यांचे, मऊ पावलांचे. त्याने दार नाकाने लोटले. दार उघडले.

कुंदावती परत आली तेव्हा तुसावर रक्त होते. ऐटदार तुरेवाले सगळे गेले होते; कोंबड्या तेवढ्या वरच्या काठ्यांवर चढून वाचल्या होत्या. मानकरीण कोपऱ्यात उभी होती. तिचा एक पंख लोंबत होता, आणि दुसऱ्या पंखाखाली एकच कोंबडा जिवंत होता. तोही सगळ्यांत किरकोळ, ज्याच्या तुऱ्याकडे पाहून दरबारी हसत.

"दार लावलं होतं मी," कुंदावती म्हणाली.

"लोटलं होतंस," मानकरीण म्हणाली. "कडी आत ठोकलीस. ती मी कोणत्या हाताने लावायची होती, बाई?"

कुंदावतीने ती पितळी कडी ओढून पाहिली; ठोकून बसवलेली, जागची हलेना. मग उठली. लोहाराकडे गेली, तर लोहाराने कानांवर हात ठेवले. "बाहेरून कडी? आमच्या सात पिढ्यांत कुणी केली नाही."

सबंध राज्यात बाहेरून कडी एकाच दाराला होती. बंदिशाळेच्या. कुंदावतीने तिथे जाऊन ती स्वतः उचकटली. आतला एकुलता एक चोर दचकला आणि म्हणाला, "आता मला सुरक्षित कसं वाटायचं?"

प्रधान वाटेत आडवा झाला. "राजकन्ये, पूर्वजांची आण आहे. राजघराण्याच्या दाराला बाहेरून कडी लागली, तर जग काय म्हणेल?"

"प्रधानजी, ज्याला हात आहेत त्याने आतून लावावी. ज्याला नाहीत त्याच्यासाठी आपण लावावी. कोंडणं वेगळं, राखणं वेगळं. जगाला सांगा, हे मी म्हणाले. आणि बाजूला व्हा, हातोडी जड आहे."

तिने कडी दाराच्या बाहेरच्या अंगाला ठोकली. दुसऱ्या संध्याकाळी कोंबड्या आपल्या पायांनी आत गेल्या. तिने कडी लावली, खीळ घातली, आणि समोर मांडी ठोकून बसली.

मुंगूस आले. "राजाच्या दाराला बाहेरून कडी नसते," ते हसून म्हणाले, आणि नाकाने लोटले. दार हलले नाही. त्याने जमीन उकरली; पुरलेला दगड लागला. छपरावर चढले, फट सापडली नाही. मग त्याने कडीकडे पाहिले, कुंदावतीकडे पाहिले, आणि म्हणाले, "हे तुमच्या रीतीत बसत नाही."

"आजपासून बसतं," ती म्हणाली. मुंगूस खाली मान घालून गेले.

आता कोंबडा आरवायची वाट पाहणे उरले. तो आरवेना. दाणे खाई, पिसे साफ करी, इकडेतिकडे बघे. दगड राजाच्या गळ्यावर चढला, हनुवटीवर चढला. ज्या सकाळी तो खालच्या ओठाला टेकला, त्या सकाळी कुंदावतीने कोंबड्याला उचलून बापाच्या खांद्यावर बसवले. सारा दरबार जमला. धूम्रकेशही धुरातून उतरला आणि खांबाला टेकून उभा राहिला.

कोंबड्याने मान ताणली. डोळे मिटले. आणि गंजलेली बिजागरी करकरावी, मध्येच कुणी शिंकावे, असा काहीतरी आवाज काढला.

कुणीतरी हसू दाबले.

"ही बांग नव्हे," धूम्रकेश म्हणाला. "ही खोकल्याची उबळ आहे."

"धूम्रकेशा," मानकरीण म्हणाली, "तू पहिला मंत्र फुंकलास, तेव्हा शेजारणीला मिशी फुटली होती. आम्ही तेव्हा कुणी म्हणालो का, हा मंत्र नव्हे?"

जादूगाराचे कान तांबडे झाले. पण शापाला स्वतःचे कान होते, आणि ते धन्यापेक्षा न्यायी होते. राजाच्या हनुवटीपाशी कडकन तडा गेला. तडा गळ्यावरून उतरला, छातीवरून, गुडघ्यांवरून, आणि दगड टरफलासारखा गळून पडला. वज्रसेन उभा राहिला, डगमगला, लेकीने त्याला धरले. कोंबडा घाबरून प्रधानाच्या पागोट्यावर जाऊन बसला आणि तिथून दुसऱ्यांदा, बऱ्यापैकी, आरवला.

धूम्रकेशाने हात जोडले. त्याचे चाकरही सुटले. गारठा शेतांवर दव पाडू लागला, घार उंदीर वेचू लागली, मुंगूस सापांच्या मागे गेले. जिकडचे काम तिकडे झाले. मानकरणीचा पंख बरा झाला; मान खाली यायची ती काही आली नाही.

राजाने दरबार भरवला. भालदाराने राजकन्येची बिरुदे ललकारली, "वज्रकुलभूषण, सिंहासनकन्या, सप्तभाषाप्रवीण..." आणि शेवटी, राजाने नव्याने जोडलेले वाचताना तो अडखळला, "...खुराडे... खुराडेबांधणीकार?"

दरबारात खसखस पिकली.

कुंदावती उठली. "मागचं सगळं जन्मानं आणि शिकवणीनं मिळालं," ती म्हणाली. "हे एक मी माझ्या हातांनी मिळवलंय. पुन्हा म्हण. आणि प्रश्न विचारल्यासारखं नको."

भालदाराने छाती भरून घेतली आणि असे ललकारले की छताची धूळ झडली. ती ललकारी तिथे अजून रोज सकाळी होते. तुम्हाला ऐकू येत नसेल, तर तुमचे गाव जरा लांब पडते, एवढेच.