बांध आणि चाळीस गोण्या

फार जुनी गोष्ट आहे. त्या काळी समुद्राकाठच्या एका राज्यात लोक मीठ देऊन तांदूळ घेत आणि तांदूळ देऊन कापड घेत. गोष्ट लहानांनी ऐकावी आणि थोरांनी तर जरूर ऐकावी, कारण यातली चूक थोरच जास्त करतात.

त्या राज्यात एका खाडीच्या काठी हाशाचं मिठागर होतं. खाडी आणि मिठागर यांच्या मधे मातीचा लांबलचक बांध होता. तो हाशाच्या आजाने घातलेला. बांधाच्या आत उथळ वाफे. त्यांत खाडीचं पाणी घ्यायचं, ते उन्हात आटवायचं आणि खाली उरलेलं मीठ फळीने ओढून त्याची रास करायची, असा तो धंदा. मिठागराच्या मागे बारा घरांची भातशेती होती. तिलाही आसरा त्याच बांधाचा.

हाशा कष्टाळू होता आणि हिशेबी होता. सुतळीचा तुकडासुद्धा तो फेकून देत नसे. घरात बायको नामी, धाकटा भाऊ गोमा आणि कामाला दोन गडी. पाच माणसं राबत आणि वर्षाला चाळीस गोण्या मीठ निघे. दोन गोण्या मिठाला एक गोणी तांदूळ, हा नेहमीचा भाव. वीस गोण्या तांदळात त्यांचं वर्ष निघून जाई.

त्या वर्षी घाटावर राजाच्या फौजेची छावणी पडली आणि मिठाला एकदम मागणी आली. गलबताच्या तांडेलाने निरोप धाडला, "वैशाखातल्या अमावास्येच्या उधाणाला येतो. यंदा गोणीला गोणी. पण येणं एकदाच. पुढे वारा फिरला की पावसाळ्यासाठी गलबत काठावर ओढायचं आहे."

खाडी उथळ होती. मोठ्या उधाणाचं पाणी चढल्याशिवाय गलबत धक्क्याला लागत नसे. म्हणजे दिवस एकच, आणि त्या दिवसातली दुपारही एकच.

चाळीस गोण्या तांदूळ म्हणजे दोन वर्षांची बेगमी. हाशाला दुसरं काही सुचेना.

दशमीच्या दिवशी नामी भाकरी घेऊन बांधावरून येत होती. वळणावर तिला पाण्याची एक बारीक धार आत येताना दिसली. खेकड्यांनी बांध पोखरला होता. तिने भाकरी खाली ठेवली आणि हाशाला हाक मारली.

हाशाने धारेखाली ओंजळ धरली. पाणी नितळ होतं.

"नितळ पाझर म्हणजे बांधाला घाम आलाय, असं आजा म्हणायचा," तो म्हणाला. "गढूळ आलं तर भ्यायचं."

"पण अजून उधाण चढायचंय," नामी म्हणाली. "आत्ता पाणी खाली आहे. दोन माणसं लावली तर एका दिवसात हे वळण खणून, माती भरून होईल."

हाशाने मनाशी मांडणी केली. "दोन माणसं एक दिवस म्हणजे पाच गोण्या कमी भरतील. यंदा पाच गोण्या मीठ म्हणजे पाच गोण्या तांदूळ. एवढ्याशा धारेसाठी एवढं द्यायचं? अमावास्या होऊ दे, मग बघू."

हिशेब चोख होता. नामीला त्यात चूक काढता येईना, पण तिचं समाधानही होईना. येता-जाता ती त्या वळणापाशी थांबत राहिली. रोज धार थोडी जाड दिसे आणि पाणी नितळच असे. हाशा विचारी, "गढूळ आहे का?" ती मान हलवून नाही म्हणे आणि कामाला लागे.

अमावास्या उजाडली. चाळीसच्या चाळीस गोण्या भरून, तोंडं शिवून धक्क्यावर रचून झाल्या होत्या. घरात एकही रिकामी गोणी उरली नव्हती. वारा पश्चिमेचा होता आणि जोराचा होता. सकाळपासून भरती चढू लागली. दुपारी सूर्य डोक्यावरून थोडा कलला की पाणी सगळ्यांत वर येणार होतं.

दिवस कासराभर वर आला तेव्हा वळणावरची धार मनगटाएवढी झाली. हाशाने पेंढा कोंबला आणि वर चिखल थापला. चिखल पाण्याबरोबर वाहून गेला, मागोमाग पेंढाही. त्याने पुन्हा कोंबला. तोही गेला.

खाडीच्या तोंडाशी शीड दिसलं.

"गलबत आलं," गोमा म्हणाला. त्याच्या तोंडावर हसू होतं.

नामीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने धारेखाली हात धरला होता. तळहातावर मातीचा थर बसला. तिने हात हाशाच्या पुढे केला आणि म्हणाली, "गढूळ आहे."

हाशाने तो हात पाहिला. मग बांधाकडे पाहिलं. वरून बांध अगदी धडधाकट दिसत होता.

"नुसता चिखल टिकत नाही," नामी म्हणाली. "गोण्यांत माती भरून टाकली तर टिकेल."

"गोण्या कुठे आहेत?"

नामीने धक्क्याकडे पाहिलं.

गोमाला ते कळलं आणि तो पुढे झाला. "दादा, असलं काही मनात आणू नकोस. आजाच्या वेळेपासून बांध उभा आहे. एवढी एक भरती काढेल. तो तुटेलच कशावरून?"

"तुटेलच असं मी म्हणत नाही, भाऊजी," नामी म्हणाली. मग ती हाशाकडे वळली. "नाही तुटला तर चाळीस गोण्या वाचल्या. ते तुम्ही मोजलंत. तुटला तर काय काय जाईल, तेवढं एकदा मोजा. मग म्हणाल ते करू."

हाशा बांधावर उभा राहिला आणि त्याने आत नजर टाकली. वाफ्यांची जमीन पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायला त्याच्या बापाला तीन वर्षं लागली होती. त्यापलीकडे बारा घरांची शेतं. एकदा खारं पाणी शिरलं की तीन वर्षं तिथे भाताचं रोप धरणार नव्हतं. शेताच्या कडेला त्याच घरांतल्या म्हाताऱ्या धर्माची म्हैस बांधलेली होती. तिच्यामागे झावळ्यांची घरं होती, बांधापेक्षा पुष्कळ खाली.

आजवर हाशाने जे मोजलं ते हाताला लागणारं होतं. गोणी, माप, दिवस, माणूस. जे होईल किंवा होणारही नाही, ते कसं मोजायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. शीड जवळ येत होतं.

"सहा गोण्या रिकाम्या करा," तो म्हणाला. "सहाच."

गोमाने कोयत्याने शिवण कापली आणि पांढरंशुभ्र मीठ धक्क्यावरच्या चिखलात ओतलं. गड्यांनी माती भरली. धार आतून थांबवून उपयोग नव्हता, बाहेर खाडीच्या बाजूला तिचं तोंड बुजवायला हवं होतं. कंबरेला दोर बांधून गोमा पाण्यात उतरला. छातीपर्यंत पाणी आलं. तो पायाने चाचपत गेला आणि एके ठिकाणी थबकला.

"इथे पाय ओढतंय," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

त्यांनी त्या जागी एकामागून एक सहा गोण्या सोडल्या. धार बारीक झाली. हाशाने श्वास सोडला.

तेवढ्यात बांधाच्या माथ्यावर पायाखाली एक भेग पडली. हातभर लांब. पाहता पाहता ती दोन हात झाली आणि आतून पाण्याचा लोट पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा मोठा.

गोमा ओला होऊन वर आला. "दादा, सहा गेल्या. आता तरी ऐक. चौतीस उरल्यात. गलबत धक्क्याला लागतंय. आपण चौतीस चढवू आणि टेकाडावर जाऊ. बांधाचं नशीब बांधापाशी."

हाशा चिखलात पडलेल्या मिठाकडे पाहत राहिला. सहा गोण्या दिल्या आणि हाती काही लागलं नाही, हे त्याला फार लागलं. आणखी द्याव्यात तर त्याही जातील. न द्याव्यात तर त्या सहा फुकट गेल्या. दोन्हीकडून त्याच सहा गोण्या त्याच्या डोळ्यांसमोर येत होत्या.

"त्या गेल्या त्या गेल्या," नामी हळूच म्हणाली. "त्यांच्याकडे बघून ठरवू नका. पाणी अजून दीड हात चढायचंय, तिकडे बघा."

हाशाने एका गड्याला हाक मारली. "धावत गावात जा. जनावरं आणि माणसं टेकाडावर न्यायला सांग." मग त्याने गोमाच्या हातातला कोयता घेतला आणि सातवी गोणी स्वतः कापली.

त्यानंतर त्याने गोण्या मोजल्या नाहीत. कापायची, ओतायची, माती भरायची, वाहायची, सोडायची. नामीच्या हातांना सुतळीने कापलं आणि जखमांत मीठ गेलं. ती एकदा हात झटकून पुन्हा भरू लागली. गोमा पाण्यात उभा राहून गोण्या पायाने दाबून बसवत होता. पाणी त्याच्या गळ्याशी आलं. हाशाने दोराचं टोक आपल्या कंबरेला गुंडाळलं होतं.

पाणी बांधाच्या माथ्यापासून एक हातावर आलं. मग एक वीत. गावातली माणसं टोपल्या घेऊन धावत आली आणि जमेल तिथे माती टाकू लागली.

मग नामी ओणवी झाली आणि पाण्यावर तरंगणारी पेंढ्याची एक काडी पाहू लागली. काडी इतका वेळ भरतीबरोबर खाडीत आत सरकत होती. आता ती जागीच फिरत होती. हाशाही पाहू लागला. मग गडी. काडी बराच वेळ तशीच फिरत राहिली. मग ती सावकाश समुद्राकडे सरकू लागली.

"ओहोटी लागली," नामी म्हणाली आणि मटकन खाली बसली.

गलबत धक्क्याला लागलं होतं. तांडेल खाली उतरला. त्याने चिखलात कालवलेलं मीठ पाहिलं, मग रचलेल्या गोण्या पाहिल्या.

"बाराच?" तो म्हणाला. "चाळीस सांगितल्या होत्यास."

"होत्या," हाशा म्हणाला.

"पाणी उतरायच्या आत मला निघायला हवं. बाराच घेतो."

बारा गोण्या मीठ गेलं आणि बारा गोण्या तांदूळ धक्क्यावर उतरला. गलबत वळलं आणि खाडीतून निघून गेलं.

गोमा ओल्या अंगाने बसून होता. "बांध तुटला नसता," तो म्हणाला. "अठ्ठावीस गोण्या तू भीतीला दिल्यास."

हाशाने बांधाकडे पाहिलं. बांध उभा होता, म्हणून तो पडला असता हे दाखवायला त्याच्यापाशी काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे, पाणी पार उतरल्यावर, ते वळण खणायला गेले. गोमाने कुदळीचे दोनच घाव घातले आणि पायाखालची माती आत ढासळली. बांध पोटातून पोकळ झाला होता. मोठा माणूस पाय दुमडून बसेल एवढी पोकळी होती आणि वरचं छत वीतभर जाडीचं. गोमा त्या पोकळीत उतरला. छताला हात लावून पाहिला. काल ह्याच छतावरून बाकीचे गोण्या वाहत होते आणि तो खाली पाण्यात उभा होता. तो वर आला आणि माती भरायला लागला.

ते काम आठ दिवस चाललं. बारा घरांतली माणसं रोज आली. काम संपलं तेव्हा म्हातारा धर्मा हाशापाशी येऊन बसला.

"तुझं किती गेलं रे?" त्याने विचारलं.

"अठ्ठावीस गोण्या," हाशा म्हणाला. "त्यातल्या पाच बांधाच्या, त्या दशमीलाच द्यायला हव्या होत्या. तेवीस उशिराच्या."

त्या वर्षी हाशाच्या घरात तांदूळ माघ लागताच संपला. पुढचे चार महिने नाचणीची आंबील आणि खाडीतले खेकडे यांवर काढले. एका गड्याला दुसरीकडे काम बघावं लागलं, त्याचं नामीला फार वाईट वाटलं. पण मागच्या शेतांत भात उभं राहिलं आणि वाफ्यांत पुन्हा मीठ धरलं. फौज निघून गेली आणि मिठाचा भाव उतरून दोनास एक झाला. त्यावर पुन्हा वीस गोण्या तांदूळ घरात आला.

पुढे हाशा म्हातारा होईपर्यंत मीठ विकत राहिला आणि हिशेबीच राहिला. फक्त कोणताही सौदा ठरवताना तो आधी नामीला विचारी, "ह्यात आपण चुकलो तर काय जाईल?" उत्तर मिळाल्याशिवाय तो गोणी शिवायला घेत नसे.

तात्पर्य: कोणताही व्यवहार करताना हाती काय येईल एवढंच तोलू नये, चुकलो तर काय जाईल, तेही त्याच तराजूत घालावं, आणि ते वेळेवर घालावं.