चुनखडकावरचे गाव

विषय : पांढरवाही हे चुनखडकावरचे गाव सिमेंट कारखान्याच्या खाणीसाठी उठवून वालुकाश्माच्या माळावर बसवल्याबाबत.
संदर्भ : पार्बताबाई टेकाम यांचा मूळ गावी परतण्याचा अर्ज.

माळावरच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजे. जुन्या गावच्या जड पाण्यात तिला दुपार लागायची, पण पार्बताबाईंच्या जिभेला चव तीच हवी होती. ओसाड गावातली त्यांची चिंच माळावरून दिसायची. त्या रोज तिच्याकडे तोंड करून जेवत. खाण अजून तिथवर पोचली नव्हती, म्हणून त्यांनी अर्ज केला.

पुनर्वसन अधिकारी धारपुरे यांनी भूगर्भशास्त्र परीक्षेपुरते वाचले होते. ते खुर्चीत रेलून म्हणाले, "बाई, चुनखडक काय अन् वालुकाश्म काय, दोन्ही गाळाचेच दगड. काडीचा फरक नाही. इथेच राहा."

"काहीच फरक नाही जी?"

"शास्त्र सांगतं तसं."

"मंग कारखान्याले हा माळच खणू द्या ना साहेब. आमी आमच्या चुनखडकावर जातो."

साहेबांनी शिपायाला पंखा वाढवायला सांगितला आणि अर्जावर 'तज्ज्ञांचे मत मागवावे' असा शेरा मारला.

मत आलेले नाही. खाणीचे काम चालू आहे. अर्ज प्रलंबित आहे.