गुळाच्या ढेपेवरची इवली

मुंग्यांच्या पणज्या लहान होत्या, तेव्हाची ही गोष्ट. इवली नावाची मुंगीची पोर गुळाच्या ढेपेला चिकटून एकटीच शहरातल्या दुकानात येऊन पडली. गावच्या रीतीप्रमाणे भेटेल तिच्या मिशीला मिशी लावायला गेली.

"हिला आपल्या वारुळाचा वास नाही. चावा हिला!" तिथल्या वारुळाच्या पहारेकरणी ओरडल्या.

इवली फटीत दडली. अंगाचा गुळाचा वास जाईपर्यंत ती त्यांच्या वारुळाच्या कचऱ्यात लोळली. मग तिला कुणी चावलं नाही.

आठवड्याने नवी ढेप आली. तिच्यावरून आई उतरली. इवलीने धावत जाऊन मिशीला मिशी लावली.

आई मागे सरली. "चावू नका हो, बाई," ती म्हणाली, "माझ्या इवलीला शोधतेय मी. गुळाचा वास येतो तिच्या अंगाला."