बंदुकीच्या नळीवरचा थेंब

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एकच बंदूक होती. ठासणीची, पुरुषभर उंच. ती गावाच्याही आधीपासून इथे आहे, असं गावकरी पाहुण्यांना सांगायचे. ती कुणी आणली हे मात्र एकालाही सांगता यायचं नाही.

पाच वर्षं त्या बंदुकीतून बार निघाला नव्हता, कारण पाच वर्षं रानातून कुठलं जनावर गावाकडे फिरकलं नव्हतं. ती देवळात भिंतीला टेकून उभी असायची. दरवर्षी खंडेनवमीला तिची पूजा व्हायची. ओलं हळदकुंकू, पाण्याचे शिंतोडे, झेंडूची जाड माळ. त्या गावात अशी रीत होती की हत्याराला घातलेली माळ हाताने काढायची नाही, ती वाळून आपोआप गळून पडली पाहिजे. गळायला कधी दोन महिने लागत, कधी तीन. तोवर फुलं कुजत, त्यांचं पाणी लोखंडावर झिरपत राही आणि गाव लांबून हात जोडून पुढे जाई. देवाला तेल घालायला कुणी विसरत नसे. बंदुकीला घालायचं तेवढं राहून जाई.

मग एका उन्हाळ्यात वाघ आला. आधी त्याने एक वासरू नेलं. नंतर लाकडं गोळा करायला गेलेली एक बाई नेली. गाव धावत देवळात गेलं, बंदूक उचलली, आणि उचलणाऱ्याचे हात लाल झाले. नखशिखांत गंज.

गावात एक म्हातारा शिकलगार होता. तलवारी, कोयते, बंदुका घासूनपुसून नव्यासारख्या करणं हा त्याचा धंदा. घरात तो, त्याचा मुलगा आणि दोन महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली सून. पाटील स्वतः बंदूक घेऊन त्याच्या अंगणात आला.

"काय कारागीर, किती दिवस?"

म्हाताऱ्याने नळीवरून अंगठा फिरवला. "आठ."

"आठ दिवस वाघ काय उपाशी बसेल?"

"मग वाघालाच विचारा," म्हातारा म्हणाला. "गंज पाच वर्षं चढलाय पाटील. एका दिवसात उतरायला तो काय घोड्यावर बसलाय?"

पाटील हसला नाही. निघताना म्हणाला, "आम्ही पाच वर्षं पूजलीय ती. तुझ्या हातात आली आणि बिघडली, असं व्हायला नको. काम झालं की रीतीप्रमाणे पहिला बार तू काढायचास."

ती दुसरी रीत. ज्याने बंदूक साफ केली, त्यानेच तिचा पहिला बार काढायचा. ही रीत ज्याने घातली तो माणूस कारागिरांना चांगलाच ओळखत असावा.

दोन दिवस बापलेकांनी राख, तेल आणि काथ्या घेऊन गंज खरवडला. सून चुलीवर पाणी तापवायची आणि बघत राहायची. या घरात बोलण्यापेक्षा बघण्याला वाव जास्त होता. म्हातारा काम करताना मुलाला सांगायचा, तेही ती ऐकायची.

"गंज सगळा वाईट नसतो. आता ही नळी पांढरी झाली ना? हिला आंबट पाणी लावायचं, ओलसर सर्दाव्यात ठेवायची. पुन्हा तांबूस गंज धरेल. मग उकळत्या पाण्यात बुडवायची. तोच गंज काळा होतो. घासायचं, पुन्हा लावायचं, पुन्हा उकळायचं. सहासात वेळा. मग जवसाचं तेल. ते काळं कातडं लोखंडाला जन्मभर राखतं."

"म्हणजे गंजानेच गंज अडवायचा," मुलगा म्हणाला.

"उकळला तर. नुसता झाकला तर तो आतून खातो."

तिसऱ्या दिवशी सकाळी नळीचं पोट धुवायचं होतं. मुलगा जवसाचं तेल आणायला गेला होता. म्हाताऱ्याने नळीच्या कानात, म्हणजे बत्तीच्या भोकात, लाकडाची खुंटी मारली, नळी उभी धरली आणि सुनेने वरून उकळतं पाणी ओतलं. ओतता ओतता ती थांबली. चापापासून वीतभर वर, जिथे दरवर्षी माळेचा फास बसायचा तिथे, नळीच्या बाहेरच्या अंगाला एक थेंब आला होता. मोहरीएवढा. तिने पदराने टिपला. पुन्हा आला.

"मामंजी, इथून पाणी येतंय."

म्हाताऱ्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"वाफ आहे ती," तो म्हणाला. "जा, ओढ्यावरून दोन घागरी आण."

घागरी घेऊन ती परतली तेव्हा अंगणात नवसागराचा वास होता. कलईवाला येऊन गेला की आळीभर राहतो तसा.

"भांड्यांना कलई केली," तिने न विचारताच म्हातारा म्हणाला.

तिने स्वयंपाकघरात जाऊन भांडी पाहिली. सगळी होती तशीच होती, काळवंडलेली. बाहेर येऊन तिने नळीकडे पाहिलं. थेंब यायचा थांबला होता.

खरं सांगायचं तर म्हाताऱ्यापुढे वाट होती. चार दिवसांच्या चालीवर एक गढी होती, तिथे चांगल्या बंदुका होत्या. पाटलाला एवढंच सांगायचं होतं की ही नळी खाल्ली गेलीय, हिच्यात दारू भरू नका, गढीवर माणूस पाठवा. पण मग पाटील म्हणाला असता की पूजेत होती तोवर धड होती, तू खरवडून भोक पाडलंस. आणि पंचवीस गावांत मिरवलेलं म्हाताऱ्याचं एक वाक्य होतं: माझ्या हातावेगळी झालेली बंदूक आजवर कुणी परत आणलेली नाही. ते वाक्य मोडलं असतं. माणूस तुटेल असं काही त्याच्या मनात आलंच नाही. वाक्य तुटेल एवढंच आलं.

दुपारी नवऱ्याला जेवायला वाढताना सून म्हणाली, "अहो, त्या नळीला सकाळी घाम येत होता."

"लोखंडाला घाम? तुझ्या माहेरी येत असेल."

"चेष्टा नको. थेंब होता. मग कथिलाने बुजवलाय असं वाटतंय."

"आबांनी पाहिला थेंब?"

"पाहिला."

"मग झालं तर. अगं, आबांच्या नजरेतून सुटलेली एक गोष्ट दाखव, मी मिशी उतरवीन."

तिने त्याच्या मिशीकडे पाहिलं. उतरवण्यासारखी अजून ती आलीच नव्हती. तिला हसू आलं आणि विषय तिथेच राहिला. दोन महिन्यांच्या सुनेने सासऱ्याला खोटं पाडायचं म्हणजे आधी नवऱ्याशी भांडायला हवं होतं, आणि त्याच्याशी भांडावंसं तिला अजून वाटत नव्हतं.

पुढचे पाच दिवस नळी गंजली, उकळली, घासली गेली. दरवेळी ती अधिक काळी झाली. कथिलावर तेवढा तो काळा रंग धरत नव्हता. म्हाताऱ्याने त्यावर काजळ आणि लाख घोटली. आठव्या दिवशी बंदूक अशी दिसत होती की गाव अंगणात गोळा झालं आणि काही जणांनी सवयीने हात जोडले.

रीतीप्रमाणे म्हाताऱ्याने पहिला बार काढला. दारू त्याने स्वतःच भरली. शिंगाचं माप अर्धंच भरलं होतं, पण त्याच्या मुठीत ते कुणाला दिसलं नाही. बार निघाला, समोरच्या बाभळीची साल उडाली, पोरं ओरडली.

"वा, कारागीर!" पाटील म्हणाला. "नवरीसारखी नटवलीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी हाका निघाला. वीसपंचवीस माणसं ढोल आणि डबे वाजवत वाघाला रानातून घळीकडे हाकणार होती. घळीच्या तोंडाशी मोठा खडक होता, त्याच्याआड बंदूकवाला उभा राहणार होता. नेम गावात एकाचाच धड होता, शिकलगाराच्या मुलाचा. म्हातारा बरोबर गेला. सून उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

खडकाआड मुलगा दारू भरायला लागला. एक माप झालं.

"अजून एक घाल," पाटील म्हणाला. "वाघ आहे तो, ससा नाही."

मुलाने माप हातात धरून बापाकडे पाहिलं. "काय आबा, घालू?"

आजूबाजूला आठदहा माणसं होती. सगळ्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. ढोल अजून सुरू व्हायचे होते. रानात एक लावा ओरडत होता, तेवढाच आवाज. म्हाताऱ्याचं लक्ष नळीवर होतं, चापापासून वीतभर वर. तिथे काहीही दिसत नव्हतं. त्याने काम इतकं सफाईने केलं होतं की आता त्यालाही ती जागा शोधावी लागली.

"आबा?"

"घाल," म्हातारा म्हणाला.

मुलाने दुसरं माप ओतलं, गोळी टाकली, गजाने ठासली. ढोल वाजले. वाघ घळीच्या तोंडाशी आला, थांबला, त्याने मान वळवली. नेम चुकण्यासारखा नव्हताच. मुलाने चाप ओढला.

गावात उंबऱ्यावर बसलेल्या सुनेला आवाज ऐकू आला. पहिल्या बारासारखा तो नव्हता. फाटल्यासारखा होता. ती उठून उभी राहिली आणि कुणी येऊन सांगेपर्यंत उभीच राहिली.

वाघ गेला, त्याला ओरखडाही नव्हता. मुलाला घोंगडीत घालून आणलं. त्याचं तोंड झाकलेलं होतं आणि ते उघडायला कुणी तयार झालं नाही.

तेराव्यानंतर पाटील चार माणसांना घेऊन आला. बंदुकीचे तुकडे त्याने फडक्यात बांधून आणले होते. ते त्याने म्हाताऱ्यापुढे ठेवले आणि घसा खाकरला.

"दैव, दुसरं काय," तो म्हणाला. "तुझ्या कामात खोट नव्हती, हे सगळ्या गावाने पाहिलंय. बघ, तुकड्यांवरसुद्धा गंजाचा डाग नाही."

"खरंय," बाकीचे म्हणाले. "असं काम आता होणार नाही."

म्हातारा खाली बघत बसला होता.

सून दाराआडून बाहेर आली. तिने फडक्यातला एक तुकडा उचलला, चुलीतली चिमूटभर राख आणली आणि सगळ्यांच्या देखत तुकड्याची फाटलेली कड घासली, जशी या घरात तिने घासताना पाहिली होती. लाख निघाली, काजळ निघालं. खाली हरभऱ्याच्या डाळीएवढा पांढरा ठिपका होता.

तिने तुकडा सासऱ्यापुढे धरला. "मामंजी, हे काय आहे ते यांना सांगा."

म्हाताऱ्याने ठिपक्यावरून अंगठा फिरवला.

"सांगा."

"कथील," म्हातारा म्हणाला.

चौघं एकमेकांकडे बघू लागले. पाटलाला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने हळू आवाजात विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"घाल म्हणालो त्याच्या आधीपासून."

पाटील उठला आणि तिला उद्देशून, पण तिच्याकडे न बघता म्हणाला, "पोरी, तू कशाला मनाला लावून घेतेस. तुझा काय दोष."

"थेंब मी आधी पाहिला होता," ती म्हणाली. "मी घरात सांगितलं आणि गप्प बसले. तुमच्या दारापर्यंत यायला मला फारतर शंभर पावलं पडली असती."

पाटील निघून गेला. दुसऱ्या दिवशी गढीवर माणूस पाठवण्यात आला. तो परत येईपर्यंतच्या आठ दिवसांत वाघाने एक गुराखी नेला.

म्हाताऱ्याने त्यानंतर हत्याराला हात लावला नाही. सून त्या घरातच राहिली. कोयते आणि विळे ती घासू लागली, पुढे लोक बंदुकाही आणू लागले. तिच्या अंगणात एकच अट असे. नळीत उकळतं पाणी भरताना मालकाने समोर बसून बघायचं. "तुझ्यावर विश्वास आहे, बाई," असं म्हणून जो उठायला लागे, त्याला ती बंदूक तशीच परत देई.

तात्पर्य: खोट झाकताना माणूस फक्त आपल्या अब्रूचा हिशेब करतो, पण झाकलेली खोट फुटते ती बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हातात, आणि ज्याने ती पाहूनही शब्द गिळला त्याचाही हात त्यात असतो.