निळीचा रांजण आणि लाखेची मोहोर

फार फार वर्षांपूर्वी, साळुंक्या अजून माणसांशी बोलत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी रंगाऱ्यांचं एक गाव होतं. तिथं येसोबा नावाचा म्हातारा रंगारी राहायचा, आणि त्याच्या घरात मागच्या पडवीत निळीचा रांजण पुरलेला होता.

आता रांजण म्हणजे नुसतं भांडं समजू नका. निळीचा रांजण जिवंत असतो. त्याला रोज सकाळी टाकळ्याचं शिजवलेलं बी आणि चिमूटभर चुना लागतो. काठीनं ढवळलं की वर निळा फेस येतो, त्याला रंगारी फूल म्हणतात. पंधरा दिवस उपाशी ठेवा, रांजण मरतो, आणि मेलेला रांजण कुणालाही उठवता येत नाही. येसोबाचा रांजण त्याच्या पणजोबानं लावलेला. त्यातून पांघरायची पांढरी पासोडी हिरवी होऊन निघायची आणि वारा लागताच डोळ्यांदेखत निळी व्हायची. येसोबानं हे हजारदा पाहिलं होतं, तरी दर वेळी तो टाळी वाजवायचा.

त्या राज्याचा एक कायदा होता. घरचा कर्ता गेला की सरकारी अंमलदार येऊन दाराला लाखेची मोहोर लावी. वारस कोण, कुणाची हरकत आहे का, ही चौकशी पुरी होईपर्यंत आत कुणी पाऊल टाकायचं नाही. मात्र कर्त्यानं हयातीतच पाच पंचांसमोर आपली इच्छा सांगून कागदावर पंजा उमटवला असेल, तर मोहोर लागत नसे. इतकी सोपी वाट, पण गावातलं कुणी तिकडं फिरकत नसे. आपल्या मरणाचं बोललं की यम पत्ता विचारत येतो, असं सगळे मानायचे.

आणि मग शेजारचा रंगारी वारला. दाराला मोहोर लागली. त्याच्या मुलांनी राजधानीला खेटे घालून चपला झिजवल्या. चाळीस दिवसांनी दार उघडलं तर घरभर कुजका वास. रांजण मेला होता. त्या घरात भांडण नव्हतं हो, भावाला भाऊ धरून होता, तरीही मेला. पोरं बोचकी उचलून परमुलखात हमाली करायला गेली.

तो वास येसोबाच्या नाकातून जाईना. तीन दिवस तो जेवला नाही. चौथ्या दिवशी त्यानं दारात मांडव घातला, हलगीवाला बोलावला आणि पुरणाची डाळ शिजत टाकली. गाव धावत आलं. लग्न कुणाचं, असं पंचांनी विचारलं, तर म्हातारा हसत म्हणाला की लग्न नाही, माझ्यामागं काय कुणाला द्यायचं ते सांगायचंय. बायकांनी तोंडाला पदर लावले. म्हाताऱ्याला चळ लागला, असंही कुणी पुटपुटलं. पण पुरणाचा वास सुटला होता, म्हणून उठून मात्र कुणी गेलं नाही.

येसोबाला दोन लेकरं. मुलगा राणू, आणि नवरा वारल्यावर माहेरी परतलेली मुलगी चिमा. दोघंही रंगाच्या कामात तरबेज. येसोबा पंचांपुढं उभा राहिला, घसा खाकरला आणि "रांजण" एवढंच म्हणाला. तेवढ्यात येसोबाच्या पडवीत राहणारी साळुंकी मांडवाच्या वाशावरून मध्ये बोलली.

"मी सांगू? राणूनं दुष्काळात नदीवरून पाणी वाहिलं, तेव्हा हा त्याच्या कानात म्हणाला, रांजण तुझाच. चिमानं तापात याची सेवा केली, तेव्हा तिच्याही कानात म्हणाला, रांजण तुझाच. मी दोन्हीकडं हजर होते."

हलगी थांबली. दोघं भावंडं पुढं आली.

"बा, त्या शब्दावर मी दुसरा धंदा शिकलो नाही," राणू म्हणाला.

"आणि मी दुसरं घर केलं नाही," चिमा म्हणाली.

येसोबा मांडवातच खाली बसला. म्हाताऱ्याच्या मनात खोट नव्हती, ज्या क्षणी ज्याची माया दाटली त्याला तो देऊन मोकळा झाला होता. पण कानात सांगितलेला शब्द दुसऱ्याला कसा कळणार? आपण मेल्यावर हे उघडं पडलं असतं तर? मोहोर वर्षभर निघाली नसती.

मग एकाएकी तो उठला. त्याचे डोळे चमकत होते.

"रांजण कापून वाटता येत नाही," तो म्हणाला, "पण दुधाला लावतात तसं रांजणाला विरजण लावता येतं. जुन्यातलं घागरभर काढायचं आणि नवा उभा करायचा. त्याला एकवीस दिवस लागतात आणि जाणता हात लागतो. तो हात अजून जिता आहे. लागा कामाला."

आणि काय सांगू, गावात नुसती धांदल उडाली. कुंभारानं आपला सगळ्यात मोठा रांजण आणून दिला, पोरंटोरं टाकळ्याचं बी घेऊन आली. राणू खड्डा खणी, चिमा ढवळी, आणि म्हातारा दर घटकेला बोट बुडवून चव घेई. नवव्या दिवशी वास बिघडला, तेव्हा चिमानं चुना वाढवून रांजण सावरला. एकविसाव्या दिवशी अख्खं गाव पडवीत, आणि रांजण ढिम्म. राणूच्या डोळ्यांत पाणी आलं. नवा रांजण बहिणीला जायचा होता, तरी ती दमली की ढवळायची काठी तोच हाती घेत होता. बाविसाव्या सकाळी एक बुडबुडा आला, मग दुसरा, आणि बघता बघता निळंभोर फूल डवरलं. म्हाताऱ्यानं टाळी वाजवली. त्याच्यामागून साऱ्या गावानं वाजवली.

त्याच दिवशी येसोबानं निळीत हात बुडवून कागदावर पंजा उमटवला. जुना रांजण राणूला, नवा चिमाला. साळुंकीला रोज मूठभर कण्या. आणि घाटातल्या धर्मशाळेला दर थंडीत दहा पासोड्या, पाच या रांजणातल्या, पाच त्या. तरुणपणी तिथं गारठून पडलो असताना कुण्या अनोळख्यानं आपल्यावर पांघरूण घातलं होतं, ते फेडायचं राहिलंय, असं त्यानं पंचांना सांगितलं.

यम काही पत्ता विचारत आला नाही. येसोबा त्यानंतर चांगली सहा वर्षं जगला, आणि पौषातल्या एका सकाळी झोपेतच गेला.

अंमलदार लाख आणि मोहोर घेऊन आला. पंचांनी निळ्या पंजाचा कागद पुढं केला. त्यानं तो दोनदा वाचला आणि मोहोर पुन्हा पिशवीत घातली. रडत रडतच दोघा भावंडांनी त्या सकाळीही आपापला रांजण ढवळला होता.

परतताना अंमलदाराला घाटात सांजेच्या गारठ्यानं गाठलं. धर्मशाळेत पोचला तेव्हा त्याचे दात वाजत होते. राखणदारानं त्याच्यावर जाड निळी पासोडी घातली.

"ही कुणी दिली?" अंगात ऊब आल्यावर त्यानं विचारलं.

"येसोबा रंगाऱ्यानं."

"तो तर गेला. मी त्याच्याच घरून येतोय."

"गेला असेल," राखणदार म्हणाला. "पासोड्या वेळेवर आल्या."

अंमलदारानं पासोडी अंगाभोवती ओढून घेतली. जन्मभर त्यानं दुसऱ्यांच्या दारांना मोहोर लावली होती, आणि त्याच्या स्वतःच्या घरात कुणाला काय, हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं. सकाळी त्यानं कागद मागितला, पाच वाटसरू बसवले, आणि आपला पंजा उमटवला.

म्हणून लहानथोरहो, एवढं लक्षात ठेवा: मागं ठेवायचं ते हयातीतच चारचौघांत सांगून ठेवावं, कानात दिलेला शब्द आपल्याबरोबरच जातो.