चाळीस हुंबा

"गुरुजी, कार्टूनमध्ये सगळंच वाढवून काढतात. त्यात माझं काय चुकलं?"

शार्दूलने हे तिसऱ्यांदा विचारलं.

गुरुजी ओट्यावर बसून वाल सोलत होते.

सावळाराम गुरुजींनी तालुक्याच्या हायस्कुलात तीस वर्षं चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर डोंगराखालच्या ठाकरवाडीत, आदिवासींच्या वस्तीत, येऊन राहिले. शार्दूल त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. आता पुण्यात त्याचा स्टुडिओ होता, आणि त्याने केलेला कार्टूनपट राज्यभरातली मुलं पुन्हा पुन्हा बघत होती.

त्यात एक शहरी मुलगा जंगलात हरवतो. त्याला हुंबा नावाची टोळी पकडते. काळीकुट्ट, पानं नेसलेली, केसांत हाडूक खोचलेली माणसं. बोलत काही नाहीत. नुसती 'हुंबा हुंबा' करत भाले नाचवतात.

वाडीतली यमुना शिंगवा सातवीत होती. सिनेमा आल्यापासून वर्गातली मुलं तिला हुंबा म्हणू लागली. तिने डबा उघडला, की आज कोणाला शिजवलंय म्हणून विचारायची. एक दिवस ती दुपारीच घरी आली, आणि उद्यापासून जायचं नाही म्हणाली. ती गेलीच नाही.

तेव्हा गुरुजींनी शार्दूलला पत्र टाकलं. यमुनेचं सगळं लिहिलं, आणि शेवटी, कागद, पेन्सिल घेऊन ये.

तो आला, पण मनातून दुखावलेला. मुलांच्या चिडवण्याला मी कसा जबाबदार, असं त्याचं म्हणणं. ही कुठलीच खरी जमात नाही, असं सिनेमाच्या सुरुवातीला लिहिलेलं होतं. आणि त्या शहरी मुलाचं नाकही त्याने भोपळ्याएवढं काढलंच होतं की.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "टोळीत माणसं किती?"

"चाळीस."

"काढलीस किती?"

"एक. बाकी कॉम्प्युटरवर त्याच्याच नकला उमटवल्या. गर्दीला असंच करतात..."

"आणि त्या मुलाचा कुत्रा?"

"त्याची साठेक चित्रं केली होती. तो हसतो, रुसतो, घाबरतो..."



गुरुजींनी उरलेले वाल सोलले, हात धुतले, आणि त्याला यमुनेच्या घरी घेऊन गेले.

तिचा बाप हिरू अंगणात सायकलचं पंक्चर काढत होता. गुरुजींनी त्याला जरा बसशील का म्हणून विचारलं. तो ट्यूब बाजूला ठेवून बसला.

"याला काढ," गुरुजी शार्दूलला म्हणाले.

"ए, हलू नकोस हं," शार्दूल हिरूला म्हणाला, आणि भराभर रेघा ओढू लागला. पाच मिनिटांत चित्र झालं. हात त्याचा सफाईचाच होता.

हिरूने ते दोन्ही हातांनी धरून नीट पाहिलं.

"हा कोन, साहेब?"

त्याच्या विचारण्यात चेष्टा नव्हती. त्याला खरंच कळलं नव्हतं.

गुरुजींनी शार्दूलसमोर कोरा कागद सरकवला.

दुसऱ्या कागदाला अर्धा तास गेला. तिसऱ्याला त्याहून जास्त. हिरूची डावी भुवई मधोमध तुटलेली होती. संकोचला, की तो खालचा ओठ आत घ्यायचा. डोळ्यांत एक मिस्कीलपणा होता, तो दिसायचा आणि कागदावर उतरेपर्यंत निघून जायचा. शार्दूल खोडत राहिला. त्याला स्वतःचा राग येत होता. इतक्या वर्षांत त्याच्या हाताने असा दगा दिला नव्हता.

दुपार कलली.

"हिरूदादा, जरा इकडे बघता का?"

हिरूने बघितलं.

पाचवा कागद हिरूने बराच वेळ धरला. मग त्याने तो बायकोला नेऊन दाखवला. ती हसून म्हणाली, की खोटं बोलताना हे असेच दिसतात.

शार्दूलही हसला. त्या दिवसात पहिल्यांदाच.

यमुना मघापासून दारात उभी होती. ती येऊन बापाचं चित्र बघू लागली. शार्दूलने तिला सांगितलं, की मी उद्या तुझ्या वर्गात येतो, आणि ते हुंबा मीच काढलेत, चुकीचे काढलेत, असं सगळ्यांसमोर सांगतो.

"मग बरोबर काय, असं विचारतील," यमुना म्हणाली. "तेव्हा काय सांगणार?"

शार्दूलने अंगणात पसरलेले कागद पाहिले...

"ते मला अजून नीट माहीत नाही."

यमुनेने थोडा विचार केला.

"मग तुमचं चुकलं एवढंच सांगा. पुढचं मी सांगते."

ती वह्या काढायला आत गेली.

गुरुजी आणि शार्दूल परत निघाले.

बांधाशी शार्दूल थांबला. "दीड महिना शाळा बुडाली तिची, गुरुजी. माझ्यामुळे..."

"हो," गुरुजी म्हणाले. "तिची दीडच महिना बुडाली. तुझी किती वर्षं?"