भागोजीची छपरावरची सेवा

खाडीच्या वळणावर डोंगराला पाठ टेकून बसलेले पोफळशेत हे गाव. या गावात श्रीवळचणबुवा महाराज कित्येक वर्षे राहिले, आणि गावाचे भाग्य असे की इथून दुसरीकडे जावे असे त्यांना कधी वाटले नाही. महाराजांचे मूळ नाव कोणालाच ठाऊक नव्हते. भक्तांनी दत्तमहाराजांचा कौलारू मठ बांधला, आत महाराजांसाठी आसन मांडले. पण महाराज कधी त्या आसनावर बसले असतील तर शपथ! ते बसत बाहेर, छपराच्या कडेखाली, वळचणीला. कोणी आग्रह केला की म्हणत, "इथे सावली आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे तोंडही दिसते. आत जाऊन मी काय करू?" म्हणून लोकांनी हे नाव ठेवले. महाराजांना ते इतके आवडले की दुसऱ्या कोणत्या नावाला ते ओ देईनात.

या महाराजांच्या पायाशी रोज संध्याकाळी भागोजी येऊन बसे. काथ्याचे दोर वळणे हा त्याचा धंदा. बसून बसून म्हणा की जन्मतःच म्हणा, भागोजीचा देह भलताच भरला होता. तो बैलगाडीत चढला की बैल मान वळवून मागे पाहत. मन मात्र लोण्यासारखे मऊ. त्याला एकच ध्यास होता, की महाराजांच्या मठाची काहीतरी सेवा आपल्या हातून घडावी. पण सेवा मागायला गेला की त्याचे हसे व्हायचे. पालखीला खांदा द्यायला गेला, तर मागचा म्हणाला, "तुझ्या पाठीमुळे मला वाट दिसत नाय." पंगतीत वाढायला गेला, तर बायका म्हणाल्या, "भाऊजी, दोन्ही बाजूंची पानं पुसून जातील हो!" भागोजीही त्यांच्याबरोबर हसायचा. पण घरी गेल्यावर त्याला जेवण गोड लागत नसे, आणि भागोजीला जेवण गोड न लागणे म्हणजे काय, हे त्याच्या बायकोलाच विचारावे.

एका वर्षी पावसाळा असा लांबला की कार्तिक उजाडला तरी मठाच्या भिंती दमट होत्या. छपराची तर दशा झाली होती. कौलांवर हिरवेगार शेवाळ चढले होते, औदुंबराचा गळलेला पातेरा पन्हळीत कुजून बसला होता, आणि कौलांच्या सांध्यांत इवलाली झाडे उगवली होती. दत्तजयंती जवळ आली होती. छप्पर झाडायलाच हवे होते.

हे काम दरवर्षी जिवाजी करायचा. घरे शाकारण्यात, म्हणजे कौले काढून, झाडून, पुन्हा बसवण्यात, त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. अंगाने काटकुळा, पायाने हलका. छपराच्या माथ्यावर, आढ्यावरून असा चालायचा की खालून बघणाऱ्याचाच जीव खालीवर व्हावा. गुण खरोखर होता, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्या गुणाला गर्वाची कीड लागली होती. "जिवाजीचा पाय पडला तर कौलाला पण कळत नाय," असे तो स्वतःच चार माणसांत सांगायचा.

त्या संध्याकाळी सगळे जमले असता महाराज म्हणाले, "यंदा छपरावर दोघे चढतील. मागच्या अंगाला जिवाजी, पुढच्या अंगाला भागोजी."

क्षणभर कोणाला काही कळलेच नाही. मग जो हशा उसळला, तो थांबता थांबेना.

जिवाजी म्हणाला, "महाराज, ह्यो वर चढला तर छप्पर झाडायला नको. आपणच खाली येईल!"

महाराजही हसले. म्हणाले, "येईल तेव्हा बघू."

जिवाजीला ते लागले. आपल्या जोडीला हा धोंडा? तो भागोजीकडे वळला आणि म्हणाला, "बरं, चढ. पण एक जरी कौल फुटलं, तरी पुन्हा मठात सेवेचं नाव काढायचं नाय. समद्यांसमोर बोल, कबूल हाय?"

इतक्या वर्षांनी भागोजीसमोर सेवा आली होती, आणि आली तीही अशी! त्याने महाराजांकडे पाहिले. महाराज औदुंबरावरची खार पाहण्यात गुंग होते. शेवटी भागोजी कसाबसा म्हणाला, "कबूल."

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी दोघे हजर झाले. जिवाजी शिडीला हात लावणार तोच महाराज म्हणाले, "घाई नको. कौलांवर दव आहे. आधी वर ऊन चढू दे, मग तुम्ही चढा." ऊन येईपर्यंत त्यांनी दोघांना जवळ बसवून सांगितले. वर पाणी अजिबात न्यायचे नाही, शेवाळ ओले झाले की त्यावर माशीही ठरत नाही. लोखंडाने खरवडायचे नाही, कौलाची साल गेली की ते पाणी पिऊ लागते. कोरड्या खराट्याने आढ्याकडून खाली झाडत यायचे. पाय कौलाच्या मधोमध द्यायचा नाही, जिथे एक कौल दुसऱ्यावर बसते आणि खाली आधाराची लाकडी रीप असते तिथेच द्यायचा.

"आणि," महाराज पुढे म्हणाले, "भागोजीचा एक दोर आढ्यावरून टाका. एक टोक याच्या कमरेला, एक त्याच्या. एक आढ्याकडे गेला की दुसऱ्याने खाली उतरायचे. आढ्यावर दोराखाली गोणपाट घाला, नाहीतर कौलाच्या धारेवर दोर कातरेल."

जिवाजी उखडला. "दोर? माज्या बापानं कधी दोर बांधला नाय!"

"मग बापासाठी नको बांधू," महाराज म्हणाले, "माझ्यासाठी बांध."

जिवाजीने तोंड वाकडे करून दोर बांधून घेतला.

भागोजी शिडीवर चढू लागला तेव्हा अर्धे गाव पाहायला लोटले होते. शिडी कुरकुरली, तशी पोरे ओरडली. महाराजांनी सगळ्यांना भिंतीपासून लांब उभे केले आणि दोघा गड्यांना शिडी घट्ट धरायला लावली. भागोजीने पहिला पाय कौलावर ठेवला आणि डोळे मिटले. कौल फुटले नाही. दुसरा पाय ठेवला. तेही फुटले नाही! "वळचणबुवा, सांभाळा," असे पुटपुटत, एकेक पाऊल चाचपत तो आढ्यापर्यंत पोचला आणि खराटा चालवू लागला.

काय सांगावे त्याचा आनंद! हिरव्या पापुद्र्याखालून लालभडक कौल बाहेर आले, की त्याला ते लहान मुलाचे तोंड पुसल्यासारखे वाटे. त्याने आयुष्यात कधी एवढ्या उंचावरून गाव पाहिले नव्हते. खाडीत भरती येत होती, खाली पोफळीच्या बागा वाऱ्याने हलत होत्या. आत सभामंडपात भजनी मंडळींची उत्सवाची तालीम चालली होती. खालून मृदंगाचा ठेका येई आणि वर भागोजीचा खराटा त्याच ठेक्यावर चाले. बघणाऱ्यांचे हसणे केव्हा थांबले, हे त्याला कळलेही नाही.

पलीकडे जिवाजीचे मात्र डोके तापले होते. भागोजी बेताबेताने वर जाणार, तेव्हा कुठे याने खाली उतरायचे. तो वरून ओरडला, "अरे, गोगलगाय बरी तुज्यापरीस!" शेवटी त्याने मागच्या बाजूच्या गड्याकडून दोरीने पाण्याची घागर वर ओढून घेतली. "भिजवलं की शेवाळ घटकेत सुटतं," असे म्हणत ती कौलांवर ओतली. दोर गोणपाटात अडखळत होता, तर त्याने गोणपाटही ओढून खाली भिरकावून दिले. "दोर काय बाळंतीण हाय, अंथरूण घालायला!"

मठाच्या मागची बाजू उताराची. छपराची कड जिथे संपते, तिथून खाली खोल काळा खडक आहे. ओल्या शेवाळावर जिवाजीचा पाय पडला आणि ज्या पायाचा कौलाला पत्ता लागत नसे, तो पाय सरकला. जिवाजी पाठीवर आपटला, घसरत घसरत कडेपर्यंत गेला आणि कडेवरून खाली गेला.

अलीकडे भागोजीच्या कमरेला असा हिसका बसला की तो फरफटत वर ओढला गेला. आढे हातभर अंतरावर आले. आणखी एक हिसका आणि दोघेही खडकावर. आता उपाय एकच, आपले सारे ओझे घेऊन धप्पकन खाली बसणे. पण मग कौले फुटणार. कौले फुटली की सेवा गेली, जन्माची गेली. भक्तहो, एवढा विचार करायला तिथे वेळ कुठला? आणि वेळ असता तरी भागोजीने तो विचार केला नसता, असे मला वाटते. "वळचणबुवाऽऽ!" अशी हाक मारून तो होता तिथेच अंग टाकून बसला.

कडाडकड कौले फुटली, रीप मोडली आणि भागोजी कमरेपर्यंत छपरात गेला. दोन वाशांच्या मध्ये त्याचे पोट असे बसले की आता हत्तीनेही त्याला ओढून काढले नसते. खाली सभामंडपात मृदंगवाल्याच्या डोक्यावर दोन जाडजूड पाय लोंबकळू लागले. तो मृदंग टाकून पळाला.

दोर ताणला गेला होता. भागोजीने दात खाऊन तो दोन्ही हातांनी धरला. आणि एकाएकी दोर सैल पडला.

भागोजी ओरडला, "जिवाजी! अरे जिवाजी गेला रे!" तो लहान मुलासारखा रडू लागला.

तेवढ्यात आढ्यापलीकडून आवाज आला, "रडतोस काय! शिडी आणायला सांग! मी हितं लोंबकळतोय!"

गडी शिडी घेऊन मागे धावले. जिवाजी कडेखाली हवेत तरंगत होता, खाली खडक, वर नुसता दोर. त्यांनी त्याला शिडीवर घेऊन अलगद उतरवले. जमिनीला पाय लागताच जिवाजीने कमरेचा दोर सोडला आणि सवयीने एक हिसडा दिला. तर तो दोर कौलांवरून सरसरत सगळाच्या सगळा खाली आला. वरचे टोक कातरलेले होते, धागे पिंजारलेले. गोणपाट काढले होते ना, तिथेच आढ्याच्या धारेवर तो तुटला होता!

जिवाजी टोकाकडे पाहत राहिला. त्याच्या ओठांतून एवढेच निघाले, "मग मला धरलं कोणी?"

मंडळी धावतच पुढच्या अंगाला आली. महाराज वळचणीला सकाळी बसले होते तसेच बसले होते. पण कपाळावर घाम होता, आणि दोन्ही हातांच्या मुठी छातीशी घट्ट आवळलेल्या होत्या. त्यांनी विचारले, "जिवाजीचे पाय टेकले का जमिनीला?"

"टेकले, महाराज."

"मग आता सोडतो," असे म्हणून महाराजांनी मुठी उघडल्या. तळहातांवर लालबुंद वळ उठले होते, आणि त्या वळांत काथ्याचे धागे रुतले होते. पाहणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. महाराज मात्र हात झटकत म्हणाले, "बघत काय उभे राहिलात? भागोजीला काढा. छपरात माणूस ठेवून कोणी जेवायला बसते का?"

भागोजीला काढणे ही काही सोपी गोष्ट नव्हती. खालून भजनी मंडळी ढकलत होती, वरून गडी ओढत होते, आणि जो तो हसत होता. या हसण्यात आता कोणाचा विखार नव्हता. शेवटी बाजूची आणखी चार कौले काढली तेव्हा कुठे तो सुटला. पण खाली उतरला तो मान खाली घालून. महाराजांसमोर येऊन म्हणाला, "महाराज, कौलं फुटली. माझा दोर पण तुटला. माझी सेवा गेली."

महाराजांनी त्याला जवळ ओढले. "अरे वेड्या, मी म्हातारा माणूस. मला हात पुढे करायलाही वेळ लागतो. तू बसला नसतास, तर तो वेळ मला कोणी दिला असता? दत्तमहाराजांना कौलांची सेवा आजवर पुष्कळांनी दिली. आज तू जी दिलीस, ती मला तरी जमली असती की नाही, कोण जाणे."

भागोजीच्या डोळ्यांना धारा लागल्या. पण हसूही आवरेना, असा त्याचा चेहरा झाला होता.

इतका वेळ जिवाजी गर्दीच्या मागे उभा होता. आता लोकांना बाजूला सारत तो पुढे आला आणि सगळ्यांच्या देखत भागोजीच्या पायांवर पडला. भागोजी गांगरला. त्याला उठवायला वाकू लागला, पण पोट आडवे आले, तेव्हा तो सरळ जमिनीवर बसला आणि जिवाजीला मिठी मारली. जिवाजी हुंदके देत म्हणाला, "भागोजी, उद्या तुजी फुटलेली कौलं मी बसवतो. पण दोराचं दुसरं टोक तुज्याच कमरेला पायजे. दुसऱ्या कोणाच्या भरवशावर मी आता चढायचा नाय."

"आणि गोणपाट?" महाराजांनी हळूच विचारले.

"घालीन, महाराज. माज्या हातानं घालीन," जिवाजी म्हणाला, आणि त्याने महाराजांच्या चरणांवर डोके टेकवले. महाराजांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. केसांना काथ्याचा एक धागा चिकटला, तो जिवाजीने नंतर कधी काढू दिला नाही.